बिरूदादाची कळ

आमच्या आयच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, सोसणारी आणि बोंबलणारी. माझा थोरला भाऊ बिरूदादा पहिल्या प्रकारातला आणि मी, धुळाप्पा मासाळ, दुसऱ्या. आता माझा धंदाच बोंबलायचा, त्याला मी तरी काय करू? कुस्तीच्या फडात, जत्रेत, जनावरांच्या प्रदर्शनात माईक हातात घेऊन बोलतो मी. आटपाडीपासून म्हसवडपर्यंत कुठंही फड लागला की पहिला फोन मला येतो. पण घरात मी तोंड उघडलं रे उघडलं की आय म्हणायची, "झालं ह्याचं सुरू."

आजार मात्र दोघांना एकच. पोटात जठराच्या मागं आडवं पडलेलं वीतभर स्वादुपिंड असतं, जेवण पचवणारे रस तिथं तयार होतात. हे रस इतके जहाल की मटणाचा तुकडा विरघळवतात. म्हणून शरीर त्यांना झोपवून ठेवतं आणि आतड्यात पोचल्यावरच जागं करतं. आमच्या घराण्यात ह्या झोपवण्याच्या कामातच खोट आहे, पिढीजात. आमच्या वडिलांकडून, अण्णांकडून ती आम्हा दोघा भावांना आली. रस जागच्या जागी जागे होतात आणि ज्यानं त्यांना बनवलं त्यालाच पचवायला लागतात. सूज येते, ओसरते, परत येते, आणि दर खेपेला थोडं स्वादुपिंड मरतं. अण्णा त्यातच गेले. एका दुपारी जेवून उठले, "जरा पडतो" म्हणाले आणि पडले ते पडलेच. "हूं की चूं केलं न्हाय माझ्या मालकानं," हे आय अजूनही अभिमानानं सांगते.

मला कळ आली की ती बरगड्यांखालून सुरू व्हायची आणि आरपार पाठीत घुसायची. गुडघे पोटाशी घेऊन मी शेणानं सारवलेल्या अंगणात लोळायचो आणि ओरडायचो. हो, ओरडायचो! लाजायचं काय त्यात? मग दादा यायचा, एक शब्द न बोलता मला पाठीवर टाकायचा आणि गाडीत नेऊन घालायचा. आय दारातनं म्हणायची, "बिरूला बी त्योच रोग हाय. त्याच्याकडं बग जरा." गावानं माझं नावच पोटदुख्या पाडलं. त्या नावापायी दोनदा ठरत आलेली सोयरीक मोडली आणि मी बिनलग्नाचा राहिलो.

मग कऱ्हाडच्या हॉस्पिटलात डॉ. शाहीन मुजावर आल्या. त्यांनी आम्हा दोघांची स्कॅन पडद्यावर शेजारी शेजारी लावली आणि मला विचारलं, "ह्यातलं तुमचं कुठलं असेल?"

मी छातीठोकपणे जास्त खराब दिसणाऱ्याकडं बोट केलं. ते दादाचं निघालं.

"स्कॅनवरनं दुखणं कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एकाचं स्वादुपिंड दगड होतं तरी तो शेतात राबतो. दुसऱ्याला जरा सूज आली की तो लोळतो. आम्ही वर्षानुवर्षं दुसऱ्याला भित्रा समजत होतो. दुखल्याची खबर मेंदूकडं नेणाऱ्या तंतूंना बारीक बारीक दारं असतात. ती किती उघडायची हे जनुकांत लिहिलेलं असतं. सुजेनं किती मोठ्यानं हाका मारायच्या, मेंदूनं त्या किती कानाआड करायच्या, हेसुद्धा जनुकंच ठरवतात. एक जनुक नव्हे, शेकडो, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. सगळ्यांची गोळाबेरीज केली की कळतं. धुळाप्पा, तुमची दारं सताड उघडी आहेत. दादांची जवळजवळ बंद."

"म्हंजे मी नाटक करत न्हाय?"

"तुमच्या जागी मी असते ना, तर तुमच्याहून मोठ्यानं ओरडले असते."

मी त्या केबिनमध्ये हमसून हमसून रडलो. दादा खिडकीबाहेर बघत बसला होता.

त्या दिवशी आम्हाला चकत्या मिळाल्या. बरगडीखाली केसापेक्षा बारीक सुयांची एक पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर रुपयाएवढी चकती खटकन बसवायची. कातडीखालच्या पाण्यात पाचकरस किती, सूज किती, हे सुया मोजतात. चकतीत मालकाच्या जनुकांची कुंडली भरलेली असते. दोन्हींचा मेळ घालून ती शून्य ते दहामधला एक आकडा फोनवर दाखवते, वेदनांक. ह्या माणसाला ह्या घटकेला किती दुखत असणार, तो आकडा. आता मला कुणापुढं गयावया करायला नको होती. आकडा नऊ दिसला की नर्स धावत इंजेक्शन घेऊन यायची आणि "खरंच का हो?" असं कुणी विचारायचं नाही.

डॉक्टरांनी दादाला मात्र निक्षून सांगितलं होतं. "दादा, हा आकडा दुखण्याचा आहे, बिघाडाचा नाही. तुमच्या पोटात आग लागली तरी तुमची चकती दोनच दाखवेल. कंपनीनं पडद्यावर एकच आकडा ठेवलाय आणि आमचा कंप्युटरही तो आठच्या वर गेल्याशिवाय घंटा वाजवत नाही. मी भांडतेय त्यांच्याशी. तोवर दर महिन्याला स्कॅन चुकवायचं नाही."

दादानं मान हलवली. त्याच्या कानात काहीच शिरलं नसावं.

घरी येऊन मी तो रिपोर्ट आयला मोठ्यानं वाचून दाखवला, अगदी माईकवर वाचतात तसा. का वाचू नये? जन्मभर ऐकून घेतलं होतं मी. आय म्हणाली, "कागुद काय, काय बी सांगतोय." पण गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? आमच्या भावकीतला आनंदा, ज्याचं आमच्याशी कधीच पटलं नाही, पारावर बसून म्हणाला, "बिरूला दुखतच न्हाय म्हणं! मग आमी कशाच्या पाया पडत हुतो इतकी वर्सं?"

पाया पडत होते ते लंगराच्या मानापायी. चंपाषष्ठीला आमच्या बाणेवाडीच्या खंडोबापुढं मासाळांच्या थोरल्या घरानं लंगर तोडायचा, म्हणजे दगडी खुंट्याला अडकवलेली लोखंडी साखळी एका हिसक्यात तोडायची. आधी पाच दिवस नुसत्या दुधावर उपास. साखळी मनगटाला गुंडाळायची, कमरेत वाकायचं आणि पोटातनं जोर काढून झटका द्यायचा. मनगटाची सालटी निघतात. आणि एकदा साखळीला हात घातला की मागं फिरायचं नाही. फिरलं तर मान भावकीकडं जातो तो कायमचा. अण्णांनंतर दादानं एकदाही दुसरा हिसका घेतला नव्हता.

रिपोर्टनंतर एकदा मेंढवाड्यात कोकरांना पाजताना दादानं मला विचारलं, "धुळा, म्हंजे मी काय सोसलंच न्हाय का रं?"

मी कोकराच्या तोंडात बाटली धरून बसलो.

मागच्या महिन्याच्या स्कॅननंतर डॉक्टरांनी त्याला पुन्हा तातडीनं बोलावलं होतं. तो गेला नाही. "जत्रा हू दे," एवढंच म्हणाला, आणि काय निघालंय ते त्यानं घरात कुणाला सांगितलंही नाही.

*

चंपाषष्ठी उजाडली. सकाळी घरात तळी भरायची होती. देवाच्या कामाला अंगावर यंत्र नको, हा आयचा जुना नेम. आम्ही दोघांनी सदरे काढून चकत्या सोडवल्या. दादाची बायको, कोमलवहिनी, तिनं त्या तळीच्या ताटातच ठेवल्या, पानसुपारी आणि खोबऱ्याच्या वाटीशेजारी. सगळ्यांनी ताट उचललं, "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं आणि भंडारा असा उधळला की माणूस माणसाला ओळखू येईना. चकत्याही पिवळ्याधमक. वहिनीनं ओल्या हातानं एक उचलून दादाच्या पट्टीवर बसवली, दुसरी माझ्या. बाहेर ढोल लागला होता, सगळ्यांना घाई.

दुपारी मी देवळापुढच्या मचाणावर माईक धरून उभा होतो. पोट बरं होतं, आवाज लागला होता. कुठल्या गावची पालखी आली, कुणाच्या गाडीनं वाट अडवलीय, कुणाचं पोर हरवलंय, सगळं सांगून झालं. लंगराला थोडा अवकाश होता. इतक्यात खिशातला फोन थरथरला. बघतो तर, वेदनांक नऊ.

मी पोट चाचपलं. काही नाही. कळ नाही, मळमळ नाही. फोन पुन्हा थरथरला, नऊच. आय मचाणाखाली बसली होती. तिला पडदा दाखवला तर ती म्हणाली, "आता तुझं मशीन बी बोंबलाया लागलं व्हय?"

मलाही हसू आलं. म्हटलं भंडारा शिरला असणार आत. तेवढ्यात हॉस्पिटलचा फोन. घंटा वाजली होती, आणि स्वतः डॉ. मुजावर बोलत होत्या.

"धुळाप्पा, कुठे आहात? ताबडतोब निघा. सोबत कोण आहे? बोलू नका, दुसऱ्याकडं फोन द्या."

"अहो मॅडम, मी ठणठणीत हाय! माईकवर हाय. चकती बिघडलीय बहुतेक."

"बिघडलेली नाहीय. कच्चे आकडे माझ्यासमोर आहेत. पाचकरस वर, सूज वर, दोन्ही एकाच चालीनं चढतायत. बिघडलेली चकती असं काही दाखवत नाही. हे कुणाच्या तरी पोटात चाललंय. पण ते तुमचं पोट असतं तर तुम्हाला शब्द फुटला नसता."

ढोलांच्या त्या गदारोळात मी सदऱ्याखाली हात घालून चकती काढली. भंडारा अंगठ्यानं पुसला. मागच्या चिठ्ठीवर नाव होतं, बिरू मासाळ.

"मॅडम," मी म्हणालो, "माझी चकती दादाच्या अंगावर हाय."

त्यांना लगेच कळलं. माझ्या कुंडलीची चकती, दादाच्या पोटातली सूज. हे पोट माझं असतं तर किती दुखलं असतं, ते सांगत होती ती. त्याची स्वतःची चकती असती तर दोन दाखवून गप्प बसली असती. आज सकाळीसुद्धा त्याचा आकडा दोनच होता आणि दादा म्हणाला होता, "गॅस हाय."

"नीट ऐका," डॉक्टर भराभर बोलायला लागल्या. "मागच्या स्कॅनमध्ये त्यांच्या स्वादुपिंडाला चिकटून एक पाण्याची पिशवी दिसली होती. तिच्या भिंतीत एक रोहिणी आहे, रक्ताची मोठी नळी, रस तिला कुरतडतायत. मी फोनवर फोन केले. त्यांनी उचलले नाहीत. सध्या काय करतायत ते?"

"लंगर तोडायला निगालाय."

"म्हणजे?"

मी सांगितलं.

"पोटावर असा जोर पडला तर ती फुटेल. मग तुमच्या गावापासून इथपर्यंतचं अंतर फार आहे, धुळाप्पा. शिव्या द्या, पाया पडा, काहीही करा. त्यांना साखळीला झटका देऊ देऊ नका. मी ऑपरेशनची तयारी ठेवते."

*

मी माईक एका पोराच्या हातात कोंबला आणि मचाणावरनं उडी मारली. वहिनी देवळाच्या पायरीवर नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. तिला म्हटलं, "वैनी, गाडी देवळामागं आणून ठेव. कऱ्हाडचा पत्ता टाक तिच्यात. इचारू नको." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, ताट पायरीवर ठेवलं आणि पळाली.

दादा ओवरीत उघडा बसला होता. अंगभर भंडारा, कपाळाला मळवट. जवळ गेल्यावर दिसलं, भंडाऱ्याखाली कातडी राखेसारखी पडली होती आणि कपाळावरनं घाम गळत होता. चंपाषष्ठीचा गारठा, आणि घाम! तो एका हातानं पाठ चोळत होता.

"दादा, उठ. दवाखान्यात जायचंय."

"तुझं पोट?"

"माझं न्हाय. तुझं." मी त्याला सगळं सांगितलं, चकत्यांची अदलाबदल, नऊचा आकडा, पिशवी, रोहिणी. पाया धरले त्याचे. तो ऐकत होता. मग तो हसला, अगदी बारीक.

"मला काय बी हुत न्हाय, धुळा. जरा पाठ भरलीय."

"तुला कळतच न्हाय ते! तुला कळणारच न्हाय, तेच तर सांगतोय!"

झालं. तेच बोलायला नको होतं. त्यानं पाय सोडवून घेतले. "व्हय," तो म्हणाला. "मला कळतच न्हाय. मला दुखतच न्हाय. माझ्या हातनं कधी काय झालंच न्हाय, सगळं त्या जनुकानं केलं. आनंदा पारावर त्येच सांगत बसलाय. मग आज मी मागं फिरलो तर काय म्हणंल गाव? मान जाईल, आण्णांचा मान. सरक."

"अरं, आण्णा असंच गेलं! त्यास्नी बी दुखत न्हवतं म्हणून गेलं!"

"माझ्या बापाचं नाव काढू नगंस," दादा म्हणाला आणि मला बाजूला सारून बाहेर पडला. ढोल दुप्पट झाले.

माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं म्हणून सांगू! माईकवरनं खरं सांगून टाकावं? आनंदा हसला असता आणि दादानं त्या चिडीनं तिथल्या तिथं साखळी तोडली असती. चार पैलवान घालून त्याला धरावं? झटापटीत पिशवी फुटली असती. माझं बोलणं त्याला थांबवत नव्हतं. माझ्या जन्मात एकाच गोष्टीनं दादाला हातातलं काम टाकायला लावलं होतं. पेरणी असो, मेंढरांची कातरणी असो, मी अंगणात पडून ओरडलो की तो असेल तिथनं यायचा.

मी मचाणावर चढलो आणि पोराकडून माईक काढून घेतला.

खाली रिंगणात दादानं साखळीला हात घातला होता. एक वेढा मनगटाला बसला. दुसरा बसत होता. मी माईक तोंडाशी नेला आणि किंचाळलो.

तसली किंकाळी मला नवी नव्हती. आयुष्यभर तालीम झाली होती तिची. कळ कुठनं निघते, कशी पाठीत घुसते, गुडघे कधी वर येतात, श्वास कुठं तुटतो, सगळं मला पाठ. मी मचाणावरनं खाली घसरलो, धुळीत गुडघे पोटाशी घेतले आणि "दादा! दादा रं!" म्हणून आक्रोश मांडला. माईक हातात तसाच चालू. गावभरच्या भोंग्यांतनं मी ओरडत होतो. ढोल एकेक करून बंद पडले.

आनंदाचा आवाज आला, "झालं! पोटदुख्यानं साधला मुहूर्त!" कुणीतरी हसलं.

मी डोळे किलकिले करून बघितलं. दादा वाकलेला होता, साखळी मनगटाला, पाय रोवलेले. तो माझ्याकडं बघत होता. मग त्यानं खंडोबाकडं बघितलं, मग परत माझ्याकडं. तोड म्हणतील लोक, आणि हा तोडेल. मी पुन्हा ओरडलो, ह्यावेळी नाटक किती आणि भीती किती ते माझं मलाच सांगता येणार नाही.

मनगटावरचा वेढा सुटला. साखळी खुंट्यावर आपटली, त्याचा आवाज सगळ्या देवळानं ऐकला.

दादा धावत आला, खाली बसला आणि नेहमीसारखी पाठ माझ्याकडं केली. सगळं ठरवलं होतं, पण हे विसरलो होतो, हा मला उचलणार! पंच्याहत्तर किलोचं माझं धूड त्या पोटावर!

"उचलू नगंस! हात लावू नगंस!" मी लाथा झाडल्या. "उचललं की जास्ती दुखतंय! दुसऱ्यास्नी सांग!"

आय कधी आली कळलं नाही. ती माझं डोकं धरून ओरडत होती, "आरं बघताय काय मुडद्यांनो, उचला की माझ्या लेकराला!" चौघांनी मला उचललं.

*

गाडी आपली आपण चालत होती. पुढं वहिनी पाठमोरी बसली होती, पदर तोंडात कोंबून. मागं माझं डोकं दादाच्या मांडीवर. मी कण्हत होतो, कण्हणं भाग होतं. खंबाटकीएवढा घाट नाही वाटेत, पण वळणं आहेत, आणि प्रत्येक वळणाला मी दादाच्या चेहऱ्याकडं बघत होतो, अजून शुद्धीत आहे ना, अजून बोलतोय ना.

माझा फोन त्याच्या हातात होता. तो थरथरला. दादानं पडदा बघितला.

"नऊ," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "नऊ हाय रं धुळा." ओवरीत सांगितलेली अदलाबदल त्यानं तेव्हाही मनावर घेतली नव्हती आणि आता ती त्याच्या डोक्यात उरलीही नव्हती. आजवर मी लोळत असताना आकडा माझाच असायचा.

"आसं असतंय का दर खेपेला?"

मी मान हलवली.

"ल्हानपणापासनं?"

पुन्हा हलवली.

त्यानं माझ्या कपाळावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता. "मी तुला कधी इचारलंच न्हाय," तो म्हणाला. "पाठीवर टाकायचो आन् न्ह्यायचो. वाटायचं, मला बी त्योच रोग हाय, मी न्हाय रडत. ह्यो कशाला रडतोय." त्याच्या डोळ्यांतनं पाणी गळून माझ्या तोंडावर पडलं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. "एवढं दुखत हुतं व्हय रं तुला?"

तो आकडा त्याचाच होता. त्याच्याच पोटातली कळ तो माझी म्हणून बघत होता आणि माझ्यासाठी रडत होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, दादा, ही तुझी कळ आहे, तुझ्यासाठी रड. पण सांगितलं असतं तर त्यानं तिथंच गाडी वळवली असती. मी ओठ चावून कण्हत राहिलो. खरं सांगतो, असला जीवघेणा प्रवास खऱ्या कळेतसुद्धा केला नव्हता मी.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. डॉ. मुजावर स्वतः उभ्या होत्या. दार उघडलं. मी उठून बसलो, खाली उतरलो, आणि दोन पायांवर सरळ उभा राहिलो.

"ह्यांना घ्या," मी म्हणालो.

दादा गाडीतनं माझ्याकडं बघत राहिला. "म्हंजे... नाटक क्येलंस?"

"व्हय. पयल्यांदाच."

आयुष्यात पहिल्यांदा मी नाटक केलं होतं आणि पहिल्यांदाच घरात सगळ्यांनी ते खरं मानलं होतं. मला वाटलं, तो थोबाडीत मारणार. त्यानं हात उचललाही. पण गाडीतनं बाहेर पाय टाकता टाकता त्याचे गुडघे दुमडले आणि मी आणि वहिनीनं त्याला वरच्या वर धरलं. "पाठ भरलीय जरा," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे फिरले.

*

पिशवी दारातच फुटायला लागली होती. डॉक्टर म्हणाल्या, वाटेत फुटली असती तर काही हाती लागलं नसतं. मांडीच्या रक्तवाहिनीतनं तार घालून त्यांनी ती रोहिणी बुजवली, मग पोट उघडलं. दादा कितीतरी दिवस नळ्यांच्या जंजाळात पडून होता. बाणेवाडीत लंगर आनंदानं तोडला, तिसऱ्या हिसक्याला. मान गेला. आय दवाखान्यात येऊन बसली ती दादाच्या खाटेपाशी आणि माझ्याशी काही बोलली नाही. फक्त एकदा मी उठून चाललो तर म्हणाली, "जेवलास का?"

चकत्यांचं तेवढं सुधारलं. आता पडद्यावर दोन आकडे असतात, एक दुखण्याचा, एक बिघाडाचा, आणि घंटा दोन्हींवर वाजते. डॉ. मुजावरांनी कंपनीपुढं आमच्याच चकत्या ठेवल्या म्हणे, भंडाऱ्यासकट.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दादाला साध्या वॉर्डात आणलं त्या सकाळी मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसून मोसंबं सोलत होतो, आणि मला कळ आली. खरी. बरगडीखालनं निघाली आणि पाठीत घुसली. एवढ्या जागरणांनी येणारच होती ती. मोसंबं हातातनं पडलं. पण मी ओरडलो नाही. ज्या तोंडानं गावभर खोटं ओरडलो, त्या तोंडानं आता काय ओरडायचं? आय बसली होती समोर, तिच्यादेखत तर नाहीच. मी खाटेची दांडी धरली आणि दात आवळले. फोन खिशात थरथरत होता, तो काढायलाही हात उचलेना.

दादा माझ्याकडं बघत होता. पोटाला टाके, नाकात नळी. त्यानं माझ्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडं बघितलं. मग तो कोपरावर उठायला लागला, टाक्यांची पर्वा न करता, आणि ज्या माणसाच्या तोंडून जन्मात हूं की चूं निघालं नव्हतं तो छत फाटेल असा ओरडला.

"आरं कोण हाय का रं तिकडं! नर्स! डाक्टर! पळा, माझ्या भावाला दुखतंय!"

सगळा वॉर्ड जागच्या जागी वळला. आय उठून उभी राहिली. नर्स इंजेक्शन घेऊन धावत आली तरी दादा ओरडतच होता.